बॉनेटवरची विभूती

आमच्या घरात सगळ्यात जास्त मान कुणाला आहे असं कुणी विचारलं, तर मी मोटारखोलीकडं बोट दाखवते. तिथं माझ्या वडलांची प्लिमथ गाडी आहे. उभी आहे म्हणवत नाही, कारण तिची चारही चाकं केव्हाच बसली. काचा पिवळ्या पडल्यात, सीटमधला काथ्या बाहेर डोकावतो, आणि मूळचा रंग कुठला हे बघायचं तर बोट ओलं करून घासावं लागतं. तरी तिच्या डोक्यावर पक्कं छत आहे, खाली शहाबादी फरशी आहे आणि रस्त्याकडं उघडणारं मोठं दार आहे. मी साठीला आलेली, हिंडतीफिरती बाई. मी मागच्या अंगणात पत्र्याखाली बसून भाकऱ्या थापते.

माझं नाव नीलम्मा. मुरूममध्ये सगळे मला नीलक्का म्हणतात. ज्वारी-बाजरीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी हा माझा धंदा. भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग चुलीच्या धगीला उभी करून पापडासारखी कडक करायची. माझं उजवं मनगट सासरी असताना मोडलं आणि वाकडंच जुळलं, त्यामुळं माझ्या भाकरीला एका बाजूनं जरा खोल ठसा उमटतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायकांतली धुरपताबाई म्हणते, आंधळ्याच्या हातात दिली तरी तो सांगेल ही नीलक्काची. सोलापूरचा एक दुकानदार माझा माल कायम घ्यायचा. पण पत्र्याखाली ओल येते, आणि ओल आली की कडक भाकरी मऊ पडते. मऊ पडलेली कडक भाकरी म्हणजे कुत्र्यालासुद्धा पेच. यंदा श्रावणात त्यानं दुसऱ्यांदा माल परत पाठवला आणि निरोप दिला, की दिवाळीपर्यंत कोरडी, बंदिस्त जागा बघा, नाहीतर मी दुसरीकडून घेतो.

कोरडी, बंदिस्त जागा माझ्यापासून बारा पावलांवर होती. तिच्यात गाडी होती.

माझ्या लग्नाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती मोठी करण्यासारखी नाही. लोहाऱ्याकडच्या एका गावात मला दिलं. काही वर्षांनी नवऱ्यानं दुसरी करून आणली. मी माझी ट्रंक उचलली आणि एसटीनं माहेरी आले. भावांनी मला ठेवून घेतलं, असं ते चार लोकांत सांगतात. ठेवून घेतलं म्हणजे आईच्या खोलीत एक भिंत दिली आणि मागं पत्रा टाकायला हरकत घेतली नाही. घरातलं काही मागितलं की दोघांचं उत्तर ठरलेलं. तुझं तुला लग्नातच दिलंय, भांडी दिली, सोनं दिलं, विहिरीला इंजिन दिलं, आता अजून काय? जसं काही ते सगळं मी मांडीवर घेऊन बसले होते.

भाऊ दोघंही माझ्या पाठचे. त्यातला थोरला रेवणप्पा जिल्हा परिषदेत साहेब होता. निवृत्त होऊन सोलापुरात बंगला बांधून राहतो, पण साहेबपणातून काही निवृत्त झालेला नाही. बोलताना मधेच थांबतो, समोरच्यानं लिहून घ्यावं म्हणून. धाकटा सिद्धाराम गावातच, माझ्या डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो आणि शेतं घेऊन त्यांचे प्लॉट पाडतो. दोघांचं कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नाही. गाडी खोलीतून हलवायची नाही, एवढ्यावर मात्र झालेलं होतं.

ती गाडी म्हणजे अप्पांची इभ्रत. अप्पा म्हणजे आमचे वडील शिवलिंगप्पा, आडतीचे व्यापारी. त्यांनी ती हैदराबादला एका जहागीरदाराच्या मुलांकडून जुनी म्हणून घेतली होती. रेवणप्पाच्या बोलण्यात त्या जहागीरदाराचा पुढं नवाब झाला. सिद्धारामनं त्याला निजामाचा पाहुणा केला. अजून थोडी वर्षं गेली असती तर खुद्द निजामच अप्पांना गाडीची किल्ली देऊन, हात जोडून दारापर्यंत सोडायला आला असता.

दर खंडेनवमीला त्या गाडीची पूजा व्हायची. बाकीच्यांच्या घरी चालत्या वाहनांना हार घालतात, आमच्याकडं या बसलेल्या मोटारीला. आधी आमची आई इरम्मा, आम्ही तिला अव्वा म्हणतो, ती बॉनेटच्या पुढच्या फटीवर बोटांनी विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढायची. तो तिचा मान. एकदा पट्टे ओढले की वर्षभर बॉनेटला हात लावायचा नाही, अप्पांच्या कपाळाला हात लावल्यासारखं होतं, असं ती म्हणायची. पुढच्या वर्षी त्यावरच नवे पट्टे. मग हार, मग नारळ, मग चाकांखाली लिंबं. आता लिंबू चाकाखाली ठेवलं की गाडी त्याच्यावरून गेली पाहिजे. आमची गाडी कुठं जाणार? म्हणून सिद्धाराम पायात बूट घालून एकेका चाकाशी जायचा आणि स्वतःच लिंबू चेंगरायचा. एवढा शिकलेला, एवढा प्लॉटवाला माणूस गंभीर तोंड करून लिंबावर पाय देताना बघितला की मला दरवर्षी हसू यायचं, आणि मी दरवर्षी ते पदरात दाबायची.

पूजा झाली की चहा आणि चहाबरोबर सभा. विषय एकच, गाडीचं काय करायचं. रेवणप्पा सांगायचा, बारावीला तो पहिल्या वर्गात पास झाला तेव्हा अप्पांनी याच गाडीतून त्याला तुळजापूरला नेलं, नळदुर्गाच्या घाटात लोक वळून वळून बघत होते. सिद्धाराम म्हणायचा की कॉलेजात असताना तो ड्रायव्हिंग याच गाडीवर शिकला, असलं स्टेअरिंग आताच्या गाड्यांना नाही. दोघांचे डोळे भरून यायचे. चहा संपायचा. ठरायचं एवढंच, की पुढच्या वर्षी बघू.

दरवर्षी मी म्हणायची, खोली मला द्या, गाडी तुम्ही पाहिजे तिथं न्या. भावांचं मला काही वाटत नसे, ते तसेच आहेत. पण अव्वासुद्धा खाली मान घालून म्हणायची, राहू दे की गाडी, काय खाती का पिती? ते मला लागायचं. ज्या आईचं अंग मी रोज पुसते, जिच्या तोंडात घास भरवते, तिला माझ्यापेक्षा एक गंजलेला पत्रा जवळचा, हे मनातून जात नसे.

यंदा सोलापूरचा निरोप आल्यावर मी दोघांना सांगून टाकलं. या दसऱ्याला गाडीचं काय ते ठरलं नाही, तर मी माझ्या बायकांना घेऊन प्लिमथच्या आत बसून भाकऱ्या थापीन. चूल पुढच्या सीटवर मांडीन. मी हे करू शकते हे दोघांना माहीत आहे, म्हणून ते हलले.

रेवणप्पानं पुण्याचा एक माणूस शोधला. त्याला जुन्या मोटारींचा शौक, त्याच्याकडं असल्या कितीतरी गाड्या सांभाळलेल्या. त्याला विकायची, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मिरवणुकांत अप्पांच्या नावानं गाडी फिरेल, असा साहेबांचा विचार. सिद्धारामला ते पटलं नाही. त्यानं गावाबाहेर नवे प्लॉट पाडले होते, नाव दिलं होतं अप्पा पार्क. त्याच्या कमानीशी चौथरा बांधून त्यावर गाडी ठेवायची, म्हणजे प्लॉट घेणाऱ्यांना आमचं घराणं कळेल. थोडक्यात एकाला बाप मिरवायचा होता आणि दुसऱ्याला बाप दाखवून जमीन विकायची होती. गाडी दोघांनाही नको होती, पण तसं म्हणायला दोघांची जीभ रेटत नव्हती.

पुण्याचा माणूस खंडेनवमीलाच आला. गाडीला हार घातलेला बघितला तर त्याच्यावर छाप पडेल, असं रेवणप्पानं ठरवलं होतं. अव्वानं सकाळीच पट्टे ओढले होते. चाकांखाली लिंबं ठेवली होती, सिद्धाराम बूट घालून तयार होता. आलेला माणूस साधा, कमी बोलणारा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, दारं उघडून बघितली, आणि म्हणाला, बॉनेट उघडा.

सगळे अव्वाकडं बघायला लागले. ती मोटारखोलीच्या उंबऱ्याशी खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, पूजा झालीय, आता हात लावायचा न्हाय. रेवणप्पानं तिला समजावलं की उघडल्याशिवाय ते घेणार नाहीत, आणि हे अप्पांच्याच नावासाठी आहे. अव्वानं पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, वयामुळं तिला कळेनासं झालंय.

पाहुण्यानं फटीत तेल सोडलं. मग तो आणि सिद्धाराम दोघांनी मिळून ओढलं. विभूतीचा इतक्या वर्षांचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून खाली पडला, आणि बॉनेट कुरकुरत वर गेलं.

आत काही नव्हतं.

म्हणजे उंदरांनी झेंडूच्या हारांचे दोरे नेऊन केलेलं घरटं होतं, दोन लोंबणाऱ्या तारा होत्या, आणि मधून खालची फरशी सरळ दिसत होती. फरशीवर एक लिंबू घरंगळत आलं होतं. पाहुण्यानं एकदा आत बघितलं, एकदा आम्हा सगळ्यांकडं बघितलं आणि अगदी हळू विचारलं, इंजिन कुठं आहे?

मला आधी हसू आलं. इतकी वर्षं हार, नारळ, लिंबं आणि डोळ्यांतलं पाणी, सगळं एका रिकाम्या खोक्याला. पण हसू ओठांवर यायच्या आत दोन्ही भावांची मान माझ्याकडं वळली. खोलीची किल्ली माझ्याकडं असायची, झाडायला. रेवणप्पानं साहेबी आवाज लावला.

"अक्का, किल्ली तुझ्याकडं होती. इंजिन कुणाला दिलंस ते सांगून टाक."

सिद्धारामनं भर घातली. म्हणाला, तुझ्या नव्या गॅसच्या शेगड्या आल्या कुठनं, त्याचा आता उलगडा झाला. ज्या घरानं आसरा दिला त्या घरात चोरी करणाऱ्या माणसाला खोली तर सोडाच, पत्रासुद्धा ठेवायचा की नाही याचा विचार करावा लागेल. हे तो परक्या माणसासमोर म्हणाला, आणि मागच्या दारात धुरपताबाई आणि बाकीच्या बायका हातातलं पीठ तसंच घेऊन येऊन उभ्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाला. मी म्हटलं, मला विकायचंच असतं तर मी आख्खी गाडी विकली असती आणि तुम्हा दोघांना पुढच्या सीटवर बसवून दिलं असतं. एवढं मोठं इंजिन मी काय ओच्यात घालून नेलं? पण बोलता बोलता मला कळत होतं की आज संध्याकाळपर्यंत मी गावात चोर ठरणार, आणि पत्र्याखालची चूलही जाणार.

तेव्हा अव्वा बोलली. तिचा आवाज इतका बारीक की पाहुणासुद्धा पुढं वाकला.

"इंजन नीलाच्या लग्नात गेलं."

कुणाला काही उमगेना. ती फरशीकडं बघत सांगत राहिली. माझ्या सासऱ्यानं विहिरीला इंजिन मागितलं होतं, आणि अप्पांनी चार माणसांत शब्द दिला होता. "नवं आणायची ऐपत न्हवती आणि न्हाय म्हणायची सवय न्हवती," अव्वा म्हणाली. भाऊ दोघंही तेव्हा सोलापूरला बोर्डिंगात होते. मिस्त्री आणून गाडीचं इंजिन काढलं, पंपाला जोडता येईल असं करून घेतलं आणि ज्वारीच्या पोत्यांखाली घालून बैलगाडीनं माझ्या सासरी पाठवलं. अप्पा म्हणाले, गाडी दारात दिसली म्हंजे झालं, आत कोण बघतंय. त्या वर्षी खंडेनवमीला बॉनेटच्या फटीवर पहिले पट्टे त्यांनीच ओढले. ते गेल्यावर अव्वा ओढत राहिली.

सिद्धाराम म्हणाला, असं कसं होईल, मी याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकलो.

"तू आत बसून तोंडानं आवाज काढायचास," अव्वा म्हणाली. "म्या सैपाकघरातनं ऐकायची."

रेवणप्पानं तुळजापूरचं काढलं. अव्वानं त्यालाही सोडलं नाही. त्याला एसटीनं नेलं होतं, आणि नळदुर्गाच्या घाटात लोक बघत होते ते तो खिडकीतून ओकत होता म्हणून. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मागं धुरपताबाईला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही.

मला मात्र आता हसू येईना. सासरच्या विहिरीवर एक लांबुळकं, काळं इंजिन होतं. अप्पांनी दिलेलं, एवढं मला माहीत होतं. सोलापूरच्या भंगारातून आणलं असेल असं मी धरून चालले होते. थंडीच्या दिवसांत ते काही केल्या सुरू व्हायचं नाही. सासू म्हणायची, तुझ्या बापाचं भंगार, तूच फिरव. मी पहाटे रॉकेल ओतून त्याचं हँडल फिरवायची. एकदा ते हँडल उलटं फिरलं आणि माझं मनगट मोडलं. त्या दिवशी मी विहिरीच्या कडेला बसून बापाला शिव्यांची लाखोली वाहिली होती. लहानपणी उमरग्याच्या बाजारातून येताना मी याच इंजिनाच्या आवाजात मागच्या सीटवर अप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली आहे. तोच आवाज मी सासरी वर्षानुवर्षं ऐकला आणि मला तो ओळखू आला नाही. ओळखू आला असता तर निदान त्याला शिव्या दिल्या नसत्या.

मग माझा राग उफाळला, आणि तो भावांवर नव्हता. मी अव्वासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुला हे सगळं माहीत होतं. तू मला पत्र्याखाली भिजू दिलंस, माझा माल परत आलेला बघितलास, आणि एका मेलेल्या माणसाची लाज झाकायला आख्खी खोली दिलीस.

"तुझाच मान झाकत व्हते," अव्वा म्हणाली. "पोरीला मोडकं इंजन देऊन बोळवण केली म्हणून गावात हसले असते. तुला कमीपणा आला असता."

"तिथं रोजच येत होता, अव्वा," मी म्हटलं. आणि माझं मनगट तिच्यापुढं धरलं. तिनं ते आजवर शंभरदा बघितलं होतं. कशानं मोडलं हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. तिनं त्या वाकड्या हाडावर विभूतीची बोटं टेकवली आणि तशीच बसून राहिली. मला तिचा राग येत होता आणि हात काढूनही घेववत नव्हता.

पुण्याच्या माणसानं समजूतदारपणे सांगितलं की इंजिनाशिवाय त्याला गाडीचा काही उपयोग नाही, फार तर दरवाजे आणि दिवे सुटे करून नेईल. दरवाजे सुटे करायचे म्हटल्यावर दोन्ही भावांना एकदम अपमान वाटला. तो बिचारा चहा पिऊन गेला. जाताना त्यानं बॉनेट हलक्या हातानं लावलं. त्या गाडीशी आमच्या घरात तेवढं नीट कुणी वागलेलं मला आठवत नाही.

तो गेल्यावर मी भावांना म्हटलं, तुम्ही नेहमी म्हणता माझं मला लग्नातच दिलंय. खरं निघालं. गाडीतलं जे काही चालणारं होतं ते मला दिलं, आणि ते मी फिरवून फिरवून संपवलं. आता जे उरलंय ते सगळं तुमचं. उद्या दसरा आहे, सीमोल्लंघन करा. उद्या संध्याकाळी या फरशीवर माझी चूल पेटेल.

आणि मग जे झालं ते बघायला मी पैसे मोजले असते. ज्या गाडीसाठी इतकी वर्षं सभा भरल्या, ती गाडी एकाएकी कुणालाच नको झाली. रेवणप्पा म्हणाला, धाकट्याला आवड आहे, त्यानं घ्यावी. सिद्धाराम म्हणाला, मान थोरल्याचा आहे, दादांच्या बंगल्यापुढं शोभेल. रेवणप्पाला आठवलं की बंगल्यापुढं बायकोची गुलाबं आहेत. सिद्धारामला आठवलं की रिकामी गाडी चौथऱ्यावर चढवली तर लोक विचारतील. असं एकमेकांच्या गळ्यात बाप घालता घालता सिद्धारामच्या डोक्यात उजेड पडला. चौथऱ्यावरच्या गाडीचं बॉनेट कोण उघडतंय? रेवणप्पानं चष्मा परत लावला आणि मान डोलावली. अप्पा म्हणाले होते, आत कोण बघतंय. पोरं कुणाची आहेत याबद्दल मला तरी शंका राहिली नाही.

दोघं मग माझ्याकडं वळले. आता अक्का, नीलक्का, असं मऊ चाललं होतं. चोरीचा विषय कुणी काढला नाही, झालं गेलं म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. एवढीच विनंती होती की ही गोष्ट बाहेर जाऊ नये. मी म्हटलं, मी होऊन सांगायला जाणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तसं धुरपताबाईनं सगळं ऐकलेलं होतं, त्यामुळं माझ्या बोलण्या न बोलण्याला फार अर्थ उरला नव्हता.

दसऱ्याला दुपारी ट्रॅक्टर आणला. साखळी बांधली. चाकं फिरतील का याचीच धास्ती होती, पण इंजिन नसलेल्या गाडीला वजन ते किती. धुरपताबाई आणि बाकीच्या बायकांनी मागून रेटा दिला आणि गाडी फरशीवरून खरडत निघाली. आदल्या दिवशी ठेवलेली लिंबं तशीच होती, सिद्धाराम गडबडीत विसरला होता. ती चाकाखाली पट्कन फुटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीनं स्वतः लिंबू चेंगरलं, तेही साखळीला बांधून ओढून नेताना. गावाची शीव ओलांडेपर्यंत दोघं भाऊ ट्रॅक्टरच्या मागं आपट्याची पानं हातात घेऊन चालत होते. चेहरे असे की कुणाला पोचवायला चाललेत.

अप्पा पार्कच्या कमानीशी आता चौथरा आहे, त्यावर चंदेरी रंग दिलेली प्लिमथ आहे, पुढं वडलांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. प्लॉट बघायला येणारे तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. सिद्धारामनं वेल्डर बोलावून बॉनेट कायमचं जोडून टाकलंय. मला ते कळलं तेव्हा मी म्हटलं, विभूतीपेक्षा हे बरं, दरवर्षी ओढायला नको.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी मोटारखोलीत चूल पेटवली, बाजूला गॅसच्या शेगड्या लावल्या. गाडी होती तिथं फरशीवर तेलाचा काळा डाग आहे, तो अजून जात नाही. त्यावर मी पिठाची मोठी पत्र्याची पेटी ठेवली. त्यानंतर माझी एकही भाकरी मऊ पडली नाही, आणि सोलापूरवाल्यानं दुसरीकडं बघायचं सोडून दिलं.

पेटी ठेवली तेव्हा अव्वा काठी टेकत आली होती. हातात विभूतीची वाटी. नवी जागा आहे, नवं काम आहे, म्हणाली, आणि पेटीच्या झाकणाच्या फटीवर बोटं ठेवली, नेहमीसारखी, तीन पट्ट्यांसाठी. मी तिचा हात धरला. रागानं धरला नाही. वर भिंतीकडं नेला आणि तिथं टेकवला.

"इथं ओढ, अव्वा," मी म्हटलं. "ते झाकण मला रोज उघडायचंय."